टर्मनची दीड हजार मुलं

१९२१ साली कॅलिफोर्नियातल्या शाळांमध्ये वर्गशिक्षकांना एक फॉर्म भरून द्यायला सांगितलं गेलं. तुमच्या वर्गात सर्वांत हुशार मूल कोणतं, त्याच्या खालोखाल कोणतं आणि वयानं सर्वांत लहान कोणतं, हे त्यातले मुख्य प्रश्न. या फॉर्मवर ज्यांची नावं आली त्यांचीच पुढे चाचणी होणार होती. वर्गातली बाकीची पोरं तिथंच बाद. मानसशास्त्रातल्या सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांपैकी एक असा सुरू झाला. पुढे त्यावर जे जे वाद झाले, त्यांतल्या बऱ्याचशा वादांचं मूळ या एका कागदात सापडतं.

अभ्यास लुईस टर्मन यांचा. तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत होते. जन्म इंडियानातल्या शेतकरी कुटुंबातला, चौदा भावंडांतले बारावे. लहानपणी घरी आलेल्या एका फिरत्या पुस्तकविक्रेत्यानं डोकं चाचपून ‘हा मुलगा मोठा होणार’ असं भाकीत केलं होतं, ही आठवण ते स्वतःच सांगत. क्षयामुळे हवापालट म्हणून ते कॅलिफोर्नियात आले आणि तिथलेच झाले. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी कसोटी तयार केली होती. टर्मननी १९१६ मध्ये तिची अमेरिकी आवृत्ती काढली, तीच स्टॅनफर्ड-बिने. बिनेंचा डोळा मागे राहणाऱ्या मुलावर होता, टर्मनचा पुढे पळणाऱ्यावर. हत्यार तेच, पण हेतू उलटा झाला.

हुशार मुलांबद्दल तेव्हाचा समज काय होता? अकाली पिकलेलं फळ अकाली गळतं, हा. अशी मुलं किडकिडीत, आजारी, एकलकोंडी असतात आणि वयात येईपर्यंत त्यांची वात विझते, असं लोक मानत. विल्यम सिडिस हा अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये दाखल झालेला मुलगा पुढे जगापासून तोंड लपवत फिरला, हे उदाहरण अमेरिकेत सगळ्यांच्या तोंडी असे. आपल्याकडेही ज्ञानेश्वर एकविसाव्या वर्षी आणि रामानुजन बत्तिसाव्या वर्षी गेले, हे अजून त्याच सुरात सांगितलं जातं. टर्मनना हा समज खोडायचा होता. त्यासाठी बुद्धीनं वरच्या एक टक्क्यात बसणारी हजारभर मुलं निवडायची आणि ती मोठी होईपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवायची, अशी योजना त्यांनी आखली. न्यूयॉर्कच्या कॉमनवेल्थ फंडाकडून पैसे मिळाले, मदतनीस नेमले गेले आणि लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, बर्कली या शहरांमधून शोध सुरू झाला.

शिक्षकांनी नावं दिलेल्या मुलांची आधी एकत्र बसवून लेखी चाचणी व्हायची. त्यात वर आलेल्यांना एकेकट्याला बसवून स्टॅनफर्ड-बिने दिली जायची. तिच्यातला एक प्रश्न बघण्यासारखा आहे. मुलासमोर कागदावर एक वर्तुळ असतं, त्याच्या कडेला छोटीशी फट. वर्तुळ म्हणजे मैदान, फट म्हणजे फाटक. या मैदानात गवतात कुठंतरी तुझा चेंडू हरवलाय, आत शिरून तू तो कसा शोधशील ते पेन्सिलीनं दाखव. काही मुलं सरळ मधोमध रेघ मारतात, काही इकडेतिकडे गिरगटतात. पूर्ण गुण मिळतात ते गोगलगायीसारखी गुंडाळत जाणारी किंवा नांगरटीसारखी समांतर रेघ काढून एकही कोपरा न सोडणाऱ्या मुलाला. हाच प्रश्न आठव्या वर्षाच्या पातळीवर आहे आणि बाराव्याही. फरक एवढाच की बाराव्याला योजना जास्त नेटकी लागते.

प्रश्न म्हणून हा फार सुंदर आहे. पण कसोटीत असे प्रश्न थोडे. मोठा भार शब्दांवर होता. शंभर शब्दांची यादी समोर ठेवून अर्थ विचारले जायचे. आठ वर्षांच्या मुलाकडून वीस, दहा वर्षांच्या मुलाकडून तीस, चौदा वर्षांच्याकडून पन्नास शब्दांची अपेक्षा होती. वाक्यातला विसंवाद ओळखणं, म्हणी-गोष्टींचा अर्थ लावणं, आकडे उलट्या क्रमानं म्हणणं हेही होतंच. घरात पुस्तकं असलेल्या, जेवणाच्या टेबलावर वडीलधाऱ्यांच्या गप्पा ऐकणाऱ्या पोराला इथं किती सोपं जात असेल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

हिशेब साधा होता. दहा वर्षांच्या मुलीनं चौदाव्या वर्षाच्या पातळीपर्यंत मजल मारली, तर चौदा भागिले दहा गुणिले शंभर, बुद्ध्यांक १४०. साधारण हीच रेषा. थोडी सूट देऊन १३५ पर्यंतची काही मुलंही घेतली गेली. भावंडांची आणि नंतर सापडलेल्यांची भर पडत १९२८ पर्यंत यादी पूर्ण झाली. एकूण १,५२८ मुलं: ८५६ मुलगे, ६७२ मुली. सरासरी जन्मसाल १९१० च्या आसपासचं.

या निवडीतून टर्मनना पहिल्याच फेरीत एक मजेदार गोष्ट कळली. शिक्षकांनी ‘सर्वांत हुशार’ म्हणून दिलेल्या नावांपेक्षा ‘वयानं सर्वांत लहान’ या रकान्यातली नावं जास्त कामाची निघाली. कारणही उघड आहे. त्या काळी अमेरिकेत चलाख मुलाला एखादी इयत्ता गाळून वर चढवत. वर्गातलं सर्वांत लहान मूल म्हणजे बहुधा असं उडी मारून आलेलं मूल. उलट वर्गात अभ्यासू, टापटीप आणि वयानं वर्षभर मोठं असलेलं मूल शिक्षकाच्या नजरेत भरतं, पण वयाचा भागाकार केला की त्याचा आकडा खाली येतो. वर्गातला सर्वांत हुशार विद्यार्थी हवा असेल तर शिक्षकाला विचारण्यापेक्षा हजेरीपटावरच्या जन्मतारखा बघा, असं टर्मननी लिहूनच ठेवलं.

मग शिक्षकांचा अंदाज इतका कच्चा आहे हे कळल्यावर निवडीचा पहिला दरवाजा शिक्षकांच्याच हातात का ठेवला? पैसा आणि मनुष्यबळ, हे उत्तर खरं आहे. लाखो मुलांना एकेकटं बसवून तासभर चाचणी घेणं कुणालाच परवडलं नसतं. पण दरवाजा तसाच राहिला, आणि आत आलेली मुलं कोण होती ते पाहिलं की त्याची किंमत कळते. प्राध्यापक, डॉक्टर, वकील, व्यापारी यांची मुलं भरपूर. बहुतेक सगळी गोरी, शहरातली, मध्यम किंवा त्यावरच्या वर्गातली. कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाची आणि मूलनिवासी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. टर्मननी यावरून निवडीच्या पद्धतीला दोष दिला नाही, त्यांनी वंशाकडे बोट दाखवलं. कसोटीवरच्या १९१६ च्या पुस्तकातच त्यांनी या समाजांतल्या मुलांची ‘मंदता’ वंशातून येत असावी असं लिहिलं होतं. पुढे ते पॅसाडेनातल्या ह्यूमन बेटरमेंट फाउंडेशनमध्ये होते, सक्तीच्या नसबंदीचा प्रचार करणाऱ्या संस्थेत. त्यांचं संशोधन सांगताना ही बाजू हलकेच वगळायची पद्धत आहे. मला ती पटत नाही, कारण नमुना असा का दिसतो हे त्याशिवाय समजतच नाही. उत्तर आधीच ठरलेलं असलं की गाळणी तपासायची गरज कुणाला वाटत नाही. पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्येच टर्मनना हे जाहीरपणे सुनावलं होतं. टर्मननी उत्तर दिलं ते चिडून आणि खिल्ली उडवत. मुद्द्याला फारसा हात न घालता.

दरवाजात अडलेल्या दोन मुलांची गोष्ट या अभ्यासाला कायमची चिकटली आहे. स्टॅनफर्डच्या दारात, पालो आल्टोत वाढणारा विल्यम शॉकली. त्याची चाचणी झाली, पण तो रेषेच्या खाली राहिला. दुसरा लुई अल्वारेझ, सॅन फ्रान्सिस्कोचा, तोही नापास. शॉकलींना ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, अल्वारेझना १९६८ चं. निवडलेल्या १,५२८ मुलांपैकी एकालाही नोबेल मिळालं नाही. शॉकलींचा सत्कार स्टॉकहोममध्ये १० डिसेंबर १९५६ ला झाला आणि टर्मन २१ डिसेंबरला वारले.

ही गोष्ट सांगून लोक हसतात आणि टर्मन प्रकरण मिटवतात. इतकं सोपं नाही ते. नोबेल ही इतकी दुर्मीळ गोष्ट आहे की एका राज्यातल्या दीड हजार मुलांच्या टोपलीत ती सापडण्याची शक्यता मुळातच कमी होती. १४० ची रेषा आणि कोणत्याही चाचणीतली थोडीफार चूक धरली, तर भावी विजेते निसटणं अपेक्षितच होतं, असं गणित मांडणारा निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. माझ्या मते जास्त बोचणारा मुद्दा वेगळा आहे. हे दोघंही भौतिकशास्त्रज्ञ, यंत्रं आणि आकार डोक्यात फिरवणारे. शब्दांवर भार देणाऱ्या कसोटीत नेमकी हीच ताकद मोजली जात नव्हती. १९७१ पासून मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात तल्लख मुलांचा जो दीर्घ अभ्यास उभारला, त्यात आणि त्याच्याशी जोडलेल्या संशोधनात अवकाशीय क्षमतेचा हा धागा पुढे आला: विज्ञान-अभियांत्रिकीत चमकणाऱ्या कितीतरी मुलांना फक्त भाषा आणि गणित तपासणाऱ्या चाचण्या हुकवतात.

आता अभ्यासाच्या आतला दोष. तो दरवाजातल्या दोषापेक्षा अवघड आहे, कारण तो माणुसकीतून आलेला आहे. टर्मनना ही मुलं आपली वाटू लागली. मुलंही त्यांना पत्रं लिहीत, लग्नाची, बाळंतपणाची बातमी कळवत, आणि टर्मन उत्तरं देत. नोकरीसाठी, कॉलेजप्रवेशासाठी शिफारसपत्रं दिली जात. स्टॅनफर्डमध्ये प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी अनेकांसाठी शब्द टाकला. एडवर्ड डमिट्रिक हा मुलगा वडिलांच्या मारहाणीला कंटाळून चौदाव्या वर्षी घरातून पळाला. लॉस एंजेलिसच्या बालकल्याण अधिकाऱ्यांना टर्मननी पत्र लिहिलं की हा मुलगा सामान्य नाही, त्याचा विचार व्हावा. त्याला दुसऱ्या कुटुंबात ठेवण्यात आलं. पुढे डमिट्रिक हॉलिवूडचे नावाजलेले दिग्दर्शक झाले, आणि १९४७ च्या कम्युनिस्टविरोधी चौकशीत तुरुंगात गेलेल्या दहा जणांपैकीही एक.

मार खाणाऱ्या पोराला वाचवलं म्हणून टर्मनना दोष द्यायला जीभ वळत नाही. वळूही नये. पण मग डमिट्रिक यांचं यश टर्मनच्या गृहीतकाच्या खात्यावर जमा करता येत नाही. ‘बुद्धिमान मुलं मोठेपणी यशस्वी होतात का’ असा प्रश्न विचारणाऱ्यानं स्वतःच त्यांना वर उचलायला हात दिला, तर मोजायचं काय राहिलं? त्यात त्यांचा मुलगा फ्रेड आणि मुलगी हेलनही या अभ्यासात सामील होते. फ्रेड टर्मन पुढे स्टॅनफर्डचे प्रोव्होस्ट, म्हणजे शैक्षणिक कारभाराचे प्रमुख झाले आणि सिलिकॉन व्हॅलीच्या जनकांत गणले जातात. त्यांनीच शॉकलींना कंपनी काढायला स्टॅनफर्डजवळ येण्याचा आग्रह केला. बापाच्या कसोटीत न बसलेल्याला मुलानं बोलावून आणलं.

शिवाय ‘तुम्ही निवडलेले आहात’ हे बहुतेक मुलांना ठाऊक होतं. ‘टर्माइट्स’ हे टोपणनाव तीच अभिमानानं लावत. शिक्षकांना माहीत, आईवडिलांना माहीत. अशा घरात ‘तू असामान्य आहेस’ हे वाक्य रोज काय काय घडवत असेल, ते त्या नोंदींतून वेगळं काढता येत नाही. काही जण उतारवयात म्हणालेही की, अपेक्षेइतकं काही करून दाखवलं नाही ही बोच आयुष्यभर राहिली.

निष्कर्ष काय निघाले? किडकिडीत, आजारी, एकलकोंडं मूल हा समज टिकला नाही, हे टर्मनचं खरंखुरं यश. मुलं तब्येतीनं बरी, थोडी उंच, इतरांइतकीच मिळूनमिसळून राहणारी निघाली. (सुखवस्तू घरातली मुलं तशी असतातच, हा शेरा मारायचा मोह आवरत नाही.) अमेरिकेत थोडेच लोक पदवीपर्यंत जात त्या काळात यांतली दोन तृतीयांश पदवीधर झाली. पुरुषांनी पुस्तकं लिहिली, शेकडो शोधनिबंध काढले, शंभरावर पेटंटं घेतली. गटात शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज, लॉस अलामॉस अण्वस्त्र प्रयोगशाळेचे संचालक नॉरिस ब्रॅडबरी, दूरदर्शन मालिकांचे लेखक-निर्माते जेस ओपनहायमर, मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबॅक अशी नावं आहेत. पण हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ पिटिरिम सोरोकिन यांनी १९५६ मध्ये प्रश्न टाकला की, अशाच घरांतली दीड हजार मुलं बुद्ध्यांक न बघता उचलली असती तर ती किती मागे पडली असती? तुलनेसाठी तसा गट टर्मननी ठेवलाच नव्हता, त्यामुळे उत्तर देता येत नाही.

मुलींबद्दल अभ्यास फार लवकर गप्प होतो. ६७२ मुली, चाचणीत मुलग्यांच्या बरोबरीच्या, त्यांच्या इतक्याच पदव्या घेतलेल्या. मध्यमवयात त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गृहिणी होत्या, आणि नोकरी करणाऱ्यांत सेक्रेटरी, शिक्षिका, ग्रंथपाल जास्त. ‘यशस्वी’ आणि ‘अयशस्वी’ यांची तुलना करताना टर्मननी फक्त पुरुष घेतले, कारण यश त्यांनी नोकरी-व्यवसायावरून मोजलं. १४० च्या पुढची बुद्धी काय करू शकते, यापेक्षा १९३०-४० च्या अमेरिकेत ती बाईच्या वाट्याला आल्यावर तिचं काय होतं, याची ही आयती नोंद होती. तिच्याकडे वळायला पुढच्या पिढीतले संशोधक यावे लागले.

पुरुषांची ती तुलना मात्र चोख आहे. सर्वांत यशस्वी दीडशे आणि सर्वांत मागे पडलेले दीडशे समोरासमोर ठेवले. लहानपणच्या बुद्ध्यांकात फारसा फरक नव्हता. फरक घरात होता: यशस्वी गटात वडील शिकलेले आणि पेशानं वरचे, मागे पडलेल्यांत आईवडिलांचे घटस्फोट जास्त. आणि स्वभावात: चिकाटी, ध्येयाकडे बांधून घेणं, आत्मविश्वास, न्यूनगंड नसणं. अभ्यासावरच्या १९४७ च्या खंडात टर्मननी स्वतःच लिहिलं की बुद्धी आणि कर्तृत्व यांचा संबंध अजिबात पक्का नाही. आपल्याच सिद्धांताच्या विरोधात जाणारं वाक्य आपल्याच पुस्तकात छापणं, याला मी मान देतो.

टर्मनची कसोटी आपल्याकडेही आली. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई-कर्नाटक भागातल्या मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये निघालं. बिने-कामत कसोटी आजही आपल्या दवाखान्यांत बौद्धिक अक्षमतेचा दाखला देताना वापरली जाते, म्हणजे बिनेंच्या मूळ हेतूकडे ती फिरून आली. असामान्य मुलं शोधण्याचं काम इथं वेगळ्या वाटेनं गेलं. १९६२ मध्ये पुण्यात अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी बुद्धीचा एकच आकडा न धरता अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या अनेक क्षमतांच्या प्रतिमानावर चाचण्या रचल्या. आणि तिथं मुलांना वाढवणं हाच उद्देश होता. शोधणारा आणि वाढवणारा एकच, हे आधीपासून उघड. टर्मननी तीच भूमिका शास्त्रज्ञाच्या अंगरख्याखाली निभावली.

अभ्यास टर्मनच्या मृत्यूनंतरही चालू राहिला. आधी टर्मनच्या सहकारी मेलिटा ओडन यांनी, मग मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिअर्स यांनी तो सांभाळला. सिअर्स स्वतः या दीड हजारांपैकी एक होते. सुरुवातीला तीस वर्षं लोटल्यावरही दहातले नऊपेक्षा जास्त जण प्रश्नावल्या भरून पाठवत होते. आजच्या कुठल्याही संशोधकाला याचा हेवा वाटेल, आणि हे जमलं ते त्या पत्रव्यवहारामुळे, त्या आपलेपणामुळे. ज्या गोष्टीनं प्रश्नाचं वाटोळं केलं, तिनंच नोंदी जिवंत ठेवल्या.

आणि त्या नोंदींमधून जे निघालं ते कुणी शोधायला गेलेलं नव्हतं. १९२२ मध्ये आईवडिलांना आणि शिक्षकांना प्रत्येक मुलाच्या स्वभावाचे गुण एका मोजपट्टीवर मांडायला सांगितलं होतं: दूरदृष्टी, खरेपणा, जबाबदारीची जाणीव, मिजास नसणं, आनंदीपणा, विनोदबुद्धी, असे बरेच. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तर वर्षांनी हे आकडे मृत्यूच्या नोंदींशी लावून पाहिले आणि १९९३ मध्ये निष्कर्ष छापले. लहानपणी सरळ, जबाबदार, विचारी म्हणून नोंदली गेलेली मुलं जास्त जगली. आनंदी आणि विनोदी म्हणून नोंदली गेलेली मुलं सरासरीनं लवकर गेली, बहुधा तब्येतीशी ती जरा बेफिकीर राहिली असावीत. आईवडिलांचा लहानपणीच घटस्फोट झालेल्यांचं आयुष्यही कमी भरलं. वर्गात सर्वांत हुशार कोण हे सांगताना शिक्षक जन्मतारखेपुढे हरले होते. पण कोणतं पोर भरवशाचं, हे त्यांनी आणि आईवडिलांनी जे लिहून दिलं, ते साठ-सत्तर वर्षांनी मृत्यूच्या नोंदींनी खरं ठरवलं.